जुनी शाळा पाडायच्या आधी एकदा दुपारी दोन वाजता वर्गात बसून बघा

प्रति,
विदर्भातल्या ११ही जिल्हा परिषदांचे सीईओ साहेब आणि मॅडम, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि बांधकाम विभागाचे सगळे इंजिनियर साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी वायरमन आहे, फिटिंगची कामं करतो, आणि आमच्या गावच्या जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून बसतो. धंद्यामुळे आजूबाजूच्या बऱ्याच शाळांत शिडी लावून छतापर्यंत जायची वेळ येते, म्हणून जे दिसतं ते लिहितोय. नाव-गाव मुद्दाम टाकत नाही, कारण नाव टाकलं की विषय शाळेचा राहत नाही, कोणी कोणाची तक्रार केली याचा होतो.

सांगायचं एकच आहे. जुनी खोली निर्लेखनाच्या, म्हणजे पाडायच्या, यादीत टाकायच्या आधी ती दुरुस्त होते का ते बघा, आणि दुरुस्ती करायची तर आधी छत, मग वायरिंग-पंखे, आणि सोलर सगळ्यात शेवटी. सध्या बरोबर उलटं चाललंय. सोलर आधी येतं, फोटो निघतो, पंखे तेच ३० वर्षं जुने घरघर करत राहतात आणि छताकडे तर कोणी बघतच नाही, गळायला लागेपर्यंत.

जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. त्याच्या आधीच्या, डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या नाहीतर जनपद सभेच्या काळातल्या शाळा अजून कितीतरी गावांत उभ्या आहेत. दीड-दीड फुटाच्या भिंती, चुन्यातली जुडाई, सागवानाची मयालं आणि फाटे (तुळया आणि वासे), वर इंग्रजी कवेलू (कौलं), समोर लांबलचक सपरी (ओसरी), आणि भिंतीत वरच्या बाजूला झरोके ज्यातून गरम हवा आपोआप निघून जाते. एप्रिलमध्ये दुपारी अशा खोलीत पाय ठेवा आणि मग त्याच आवारातल्या स्लॅबच्या खोलीत जा, थर्मामीटर लागत नाही, कपाळालाच कळतं. विश्वास नसेल तर सेवाग्रामला जाऊन या, गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, मातीच्या भिंती आणि वर कवेलू, मे महिन्यात आत बसून बघा म्हणजे वर्ध्याच्या उन्हात माणूस पंख्याशिवाय कसा राहत होता ते समजेल.

आता लगेच कोणी म्हणेल की जुन्या इमारती पडतात, लेकरं मरतात, त्याचं काय. बरोबर आहे, आणि त्यात मस्करी नाही. नगर जिल्ह्यातल्या निंबोडीला ऑगस्ट २०१७ मध्ये शाळेचं छत पडून तीन विद्यार्थी गेले, राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला जुलै २०२५ मध्ये सात लेकरं गेली. जी भिंत फुगली, पायाच खचला, ती खोली आजच्या आज बंद करा आणि पाडा, तिथे जुनं ते सोनं वगैरे कोणी बोलू नये. पण साहेब, प्रत्येक जुनी शाळा तशी नसते ना. मी जिथे जिथे वर चढलोय तिथे बहुतेक ठिकाणी दुखणं वरचंच असतं. वानरं येतात, या छतावरून त्या छतावर उड्या मारतात, कवेलू फुटतात. दोन कवेलू फुटले तेव्हा कोणी बदलले नाहीत, मग पावसाळाभर त्याच जागी पाणी, मग फाट्याचं जे टोक भिंतीत गेलंय ते सडतं, ओल आली की उधळी (वाळवी) येते, आणि चार-पाच वर्षांनी ती अख्खी बाजू खाली बसते. मग इंजिनियर साहेब येतात, खालूनच बघतात, इमारत धोकादायक असं लिहितात आणि गाडी निघते. भिंत मात्र ठणठणीत असते, तिच्यात खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकतो, ड्रिल मशीन लावून घाम गाळल्याशिवाय माझं एक बॉक्स बसत नाही तिथे.

मग लिलाव होतो. सागवान कुठे जातं ते तुम्हाला-मला दोघांनाही माहीत आहे, सोडा तो विषय. जेसीबी येतो, सकाळी सुरू केलं की जेवणापर्यंत मैदान साफ. नवीन खोलीचा निधी कधी येईल तेव्हा येईल, तोवर दोन वर्ग एकाच खोलीत नाहीतर समाजमंदिरात. आणि येते ती काय, तर दहा फुटांवर स्लॅब, दोन छोट्या खिडक्या, त्यांना जाळी, झरोका नाहीच, आणि सपरीच्या नावाने तीन फुटाचं छज्जं.

या स्लॅबचं गणित सरळ आहे. सूर्य दिवसभर डोक्यावर, चार-पाच इंचाचं सिमेंट सकाळपासून उष्णता पीत बसतं आणि दुपारनंतर ती सगळी खाली सोडायला लागतं, म्हणजे ऐन शाळेच्या वेळेत. त्यात पंखा लावला की तो काय करतो, तर स्लॅबखाली साचलेली तापलेली हवाच खाली ढकलतो. लेकरं पण हुशार असतात बरं का. बारा वाजल्यानंतर पश्चिमेच्या भिंतीकडची रांग हळूहळू मध्ये सरकत येते, कोणी सांगावं लागत नाही, बसायच्या पट्ट्या सगळ्या दाराकडे जमा होतात आणि फळ्याकडे पाठ होते काहींची. एखाद्याचा घोळणा फुटतो. मॅडम शेवटी सगळ्यांना कडुलिंबाखाली घेऊन जातात, तिथे फळा नाही, टीव्ही नाही, पण निदान हवा आहे. सकाळची शाळा करून भागतं असं म्हणायचं तर २०२५ ला वार्षिक परीक्षाच २५ एप्रिलपर्यंत चालली, आणि विदर्भातली शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडते तरी जूनच्या शेवटी पाऊस लांबला की काय हालत असते ते सांगायला नको, तेव्हा तर कूलरही कामाचा नाही, दमट हवेत कूलर नुसता आवाज करतो.

आता यावर उपाय काय तर एसी नाही. उपाय चुना आहे. हो, साधा चुना. स्लॅबवर पांढरा चुना मारला की ऊन परत जातं, स्लॅब कमी तापतो, खोलीत दोन-तीन डिग्री तरी फरक पडतो, बऱ्याचदा त्याहून जास्त. हे काही मी शोधून काढलेलं नाही. अहमदाबादला २०१० च्या मे महिन्यात उन्हाने भयंकर माणसं गेली, त्यानंतर २०१३ ला त्यांनी हीट अ‍ॅक्शन प्लॅन केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करायला घेतली. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छताचं, सरळ धोरणच काढलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेवरून पलीकडे बघितलं तरी दिसेल. आणि आपण? आपण शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवतो. छान दिसतो, लेकरांना आवडतो, माझा विरोध नाही, पण साहेब त्याच रंगाच्या पैशात वरचं छत पांढरं झालं असतं, ते फोटोत येत नाही एवढंच.

चुन्याची एक अडचण खरी आहे, पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. मग जिथे जमेल तिथे पक्कं काम करा, चायना मोझॅक करा. तसंही स्लॅब गळतो म्हणून वॉटरप्रूफिंगचं अंदाजपत्रक तुम्ही करताच ना, आणि त्यात काय टाकता, डांबरी फेल्ट. काळीकुट्ट! गळणं थांबतं आणि खालची खोली तव्यासारखी होते. त्याऐवजी पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, उतार नीट काढून, गळतीही बंद आणि उन्हाचाही बंदोबस्त, एकाच खर्चात दोन कामं. एका उपअभियंत्याला मी हे बोललो तर ते म्हणाले, दरसूचीत (सरकारी कामांच्या दरांच्या यादीत) शाळा दुरुस्तीला असं कोणी धरत नाही. धरत नाही म्हणजे काय हो, धरा की!

टिनाच्या खोल्यांचं वेगळं. कवेलू वानरांमुळे टिकत नाहीत म्हणून कवेलू काढून टिन टाकले, हे गावोगाव झालंय, आणि त्यामागचं कारण खोटं नाही. पण टिनाखाली काहीच नाही, लेकरांच्या डोक्यावर थेट तापलेला पत्रा, पाऊस आला की गुरुजींचा आवाज बंद. जिथे कवेलू अजून शिल्लक आहेत तिथे ते काढू नका, त्याच्या वर अर्धा-एक फूट जागा सोडून टिन टाका, वानर टिनावर नाचू द्या, मधून हवा खेळते आणि खालच्या कवेलूंना ऊनच लागत नाही. जिथे नुसतं टिन उरलंय तिथे वरून पांढरा रंग आणि खाली सिलिंग. आपल्याकडे बांबू आहे, चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबूचं संशोधन केंद्र आहे, गावात ताटवे विणणारे बुरूड आहेत ज्यांना आता काम मिळत नाही. प्रक्रिया केलेल्या बांबूच्या चटयांचं सिलिंग होऊ शकतं. मात्र हे सगळीकडे डोळे झाकून करू नका. कुंभकोणमला २००४ मध्ये शाळेला आग लागून ९४ लेकरं गेली, स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली होती. म्हणून खिचडीच्या खोलीला लागून असलेल्या वर्गात बांबू नको, आणि सिलिंगच्या वरून जी वायर जाईल ती पाईपातूनच गेली पाहिजे, जुनी पट्टी वायरिंग तशीच ठेवून वर सिलिंग मारणाऱ्याला मी तरी सही देणार नाही.

आता माझ्या धंद्याचा विषय, यावर जरा जास्त बोलतो.

समजा चार खोल्यांची शाळा आहे. खोलीत दोन पंखे, दोन ट्यूब. जुना पंखा धरा ७५ वॅटचा, जुनी ट्यूब चोकसकट ५० वॅट. आठ पंख्यांचे ६००, आठ ट्यूबचे ४००, झाला १ किलोवॅट. आता बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, लावा, तो ३० वॅटच्या आसपास घेतो, आणि एलईडी पट्टी २० वॅटची. २४० आणि १६०, म्हणजे ४०० वॅट. दिवसाला सहा तास, वर्षाला २२० दिवस असं धरलं तर आधी १,३२० युनिट लागत होते ते ५२८ वर आले. हवा तेवढीच, उजेड उलट जास्त. बीएलडीसी पंखा अडीच-तीन हजारात येतो, साध्यापेक्षा महाग आहे मान्य, पण गावाकडे त्याचा अजून एक फायदा कोणी सांगत नाही. आपल्याकडे दुपारी व्होल्टेज पडतं, साधा पंखा मग नुसता डुलतो, बीएलडीसी कमी व्होल्टेजलाही जवळपास त्याच स्पीडने फिरतो. फक्त खरेदी करताना रिमोटवाला घेऊ नका, शाळेत रिमोट पहिल्या आठवड्यात गायब होतो आणि मग पंखा कायमचा एका स्पीडवर. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारं मॉडेल मिळतं, ते मागा. आणि पंख्यावर वीज बचतीचं स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, तरी शाळांना येणाऱ्या मालात कोणते स्टार येतात ते एकदा तपासा, टेंडर सर्वात स्वस्ताला जातं आणि बिल पुढची पंधरा वर्षं शाळा भरते.

हे झालं की मग सोलर. कारण बघा, १ किलोवॅटचं पॅनल आपल्या उन्हात वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. पंखे-ट्यूब बदललेल्या शाळेला ५२८ लागतात, त्यात टीव्ही, कॉम्प्युटर, पाण्याची मोटर सगळं घाला तरी १ किलोवॅटमध्ये भागतं. न बदलता सोलर लावायला गेलात तर दुप्पट पॅनल लागेल. आणि नेट मीटरिंग असेल, म्हणजे जास्तीची वीज लाईनवर देऊन बिलात वळती करून घ्यायची सोय, तर उन्हाळ्याची सुट्टी शाळेच्या पथ्यावरच पडते, मे महिन्यात शाळा बंद आणि ऊन कडक, ते सगळे युनिट महावितरणकडे जमा होतात आणि पुढे जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत वापरता येतात.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, बिना बॅटरीचं ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेलं) सोलर लाईट गेली की बंद पडतं, त्याची रचनाच तशी आहे, लाईनवर काम करणारा माणूस मरू नये म्हणून. ज्या गावात दिवसा चार-चार तास लाईट नसते तिथे छोटी बॅटरी लागणारच, आणि बॅटरी म्हटलं की चार-पाच वर्षांनी ती बदलायचे पैसे कुठून येतील ते आजच लिहून ठेवा. देणगीतून आलेले कितीतरी सोलर मी असे बघितलेत, बॅटरी मेलेली, इन्व्हर्टर कपाटाच्या मागे, पॅनलवर बोटभर धूळ आणि त्यावर पोट्ट्यांनी नावं लिहिलेली. दुसरं, पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेची सबसिडी घरगुती मीटरसाठी आहे, शाळेच्या मीटरसाठी नाही, त्यामुळे ती मिळेल या आशेवर ठराव घेऊन काही उपयोग नाही. आणि ज्या शाळांचं मीटरच थकबाकीत काढून नेलंय तिथे नेट मीटरिंग कशाचं करणार? आधी ती थकबाकी भरा. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र चंद्रपुरात, राखेची धूळ आपल्या नाकात आणि आपल्याच शाळेत स्मार्ट टीव्ही झाकून ठेवलेला, हे बरं दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर आहे आणि नाहीही. शंभरच्या आत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षाचं एकत्रित अनुदान येतं जास्तीत जास्त २५ हजार, त्यात खडू, रजिस्टर, स्वच्छता, लाईट बिल सगळं. त्यातून चुना निघतो, दोन-चार पंखे निघतात, छत निघत नाही. छतासाठी जिल्हा नियोजनचा निधी आहे, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा पैसा आहे, खाणीच्या जिल्ह्यांत खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे आणि त्यात शिक्षण प्राधान्याच्या कामात येतं. माझं गाऱ्हाणं रकमेबद्दल कमी आणि हेडबद्दल, म्हणजे पैसा कोणत्या खात्यात टाकला जातो त्याबद्दल, जास्त आहे. नवीन खोली म्हटलं की लाखांचं अंदाजपत्रक भराभर तयार होतं, दुरुस्ती म्हटलं की फाईल फिरत राहते, कारण दुरुस्तीत मोजमाप कटकटीचं, ठेकेदाराला मार्जिन कमी, आणि उद्घाटनाला कोणी येत नाही. कवेलू बदलल्याची फीत कोण कापणार!

आणि नवीन बांधकामाला जे सिमेंट, लोखंड, विटा लागतात, त्या बनवताना जेवढा कोळसा जळतो तो कोणी मोजत नाही. जी भिंत उभी आहे तिच्यासाठी कोळसा आधीच जळून गेलाय, ती पाडून तेवढाच परत जाळायचा आणि मग वर सोलर लावून ‘हरित शाळा’ असा बोर्ड लावायचा, राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात मार्क घ्यायचे. ऊर्जा बचतीचा बिल्डिंग कोड आहे देशात, पण तो १०० किलोवॅट आणि त्यापुढच्या लोडच्या इमारतींसाठी, १ किलोवॅटच्या शाळेला तो विचारतही नाही. म्हणजे नियमाची वाट बघत बसलो तर आपली पोरं नातवंडांची लग्नं करतील.

म्हणून मागणं असं आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यासोबत इंजिनियरने वर चढून काढलेले फोटो आणि दुरुस्तीचा खर्च किती येईल याचा कागद असलाच पाहिजे, आणि तो ग्रामसभेत वाचला पाहिजे. शाळा विकास आराखडा आम्ही व्यवस्थापन समितीवाले आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे) करतोच, त्यात छप्पर, झरोके, वायरिंग आणि अर्थिंग यांचा एक रकाना द्या, सध्याच्या नमुन्यात आम्ही फक्त खोल्या मोजतो. स्लॅब आणि टिनाच्या सगळ्या खोल्यांना फेब्रुवारी संपायच्या आत चुना, दरवर्षी, पोळ्याला बैल सजवतो तसं न चुकता. पंख्यांची खरेदी जिल्ह्यात एकदम करा म्हणजे भाव पडतो. आणि लाईट बिलात जी बचत होईल ती शाळेकडेच राहू द्या, ती जर वरून कापून घेतलीत तर कोणता मुख्याध्यापक कशाला डोकं लावेल? पश्चिमेला झाडं लावा हे सांगायची गरज नाही, दरवर्षी लावतोच, जगवायला सुट्टीत पाणी घालणारा माणूस द्या.

एवढं सगळ्या शाळांत एकदम होणार नाही ते कळतं. एक पंचायत समिती घ्या, तिच्यातल्या दहा-पंधरा जुन्या शाळा घ्या, कवेलूवाल्या, टिनवाल्या, स्लॅबवाल्या, आणि या उन्हाळ्याआधी करून बघा. प्रत्येक वर्गात एक साधा भिंतीवरचा थर्मामीटर लावा, चौथी-पाचवीची लेकरं दुपारी दोनचा आकडा वहीत लिहितील, त्यांचा तो अभ्यासही होतो. वही घेऊन मग बांधकाम समितीच्या मीटिंगला बसू.

आमच्या शाळेची निर्लेखनाची फाईल सध्या टेबलावर आहे, कोणाच्या ते लिहीत नाही. खोली दोन नंबरची भिंत तपासायला कोणी साहेब येणार असतील तर निरोप द्या, शिडी माझी आहे, मी घेऊन येतो.

आपला,
एक वायरमन, शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य

ता.क. चुना मारायला लेकरांना वर चढवू नका, श्रमदान म्हणून सुद्धा नाही. कळीचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि जुन्या स्लॅबला बऱ्याच ठिकाणी कठडा पण नाही. गावातला रंगारी लावा, सोबत चुन्यात थोडं फेव्हिकॉल नाहीतर पांढरं सिमेंट टाकायला सांगा, जास्त टिकतो.